तिसरा पाईप

धुणं वाळत घालून मी गच्चीवरून खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवरून पाय टाकला तो थेट पाण्यात. आधी वाटलं, मोरीतला नळ चालू राहिला. "आई, नळ!" म्हणून ओरडलेसुद्धा. मग आठवलं, आई तर बस्तीत गेलीय शास्त्र ऐकायला. बस्ती म्हणजे आमच्याकडं जैनांचं देऊळ. दुपारची भांडी झाली की आई तिकडं, हा तिचा नेम. घरात मी एकटी. आणि पाणी मोरीकडून येतच नव्हतं, पुढच्या सोप्यातून येत होतं.

सोप्यात माझ्या धाकट्या भावाची, सन्मतीची, माशांची टाकी होती.

धावत गेले तर टाकीच्या वरच्या काठावरून चारी बाजूंनी पाणी गळत होतं आणि आतले मासे जागच्या जागी उभे राहून माझ्याकडं बघत होते. खालच्या लोखंडी स्टँडमध्ये दुसरी टाकी होती, ती जवळजवळ रिकामी. तिच्यातला पंप कढईचा तळ खरवडावा तसा आवाज करत होता. पाणी फरशीवर पसरत भिंतीकडं निघालं होतं, आणि भिंतीला टेकून जमिनीवरच विजेचा बोर्ड होता, लाल दिवा पेटलेला.

तशीच मागं फिरले आणि बाहेरच्या पडवीतला मेन स्विच खाली ओढला. घर एकदम गप झालं. टाकीवरून थोडा वेळ ठिबकलं आणि मग तेही थांबलं.

पहिला विचार काय आला सांगू? माशांचा नाही, फरशीचा नाही, मी आत्ता मरता मरता वाचले त्याचाही नाही. पहिला विचार आला, सन्मतीनं हे बघितलं तर काय होईल!

मी त्याला फोन लावला. जेवून तो मोटरसायकलवर सांगलीला गेला होता, काहीतरी आणायला. काय ते त्यानं सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. कित्येक महिन्यांनी पोरगा एकटा जयसिंगपूरच्या बाहेर चालला होता, त्याचंच आम्हा मायलेकींना एवढं अप्रूप. जाताना दारातून म्हणाला होता, "दिवस मावळायच्या आत येतो. आक्का, तिसऱ्या पायपाकडं लक्ष ठेव हं."

फोन वाजला. माझ्या कानात वाजला आणि त्याच्या खोलीतही वाजला.

पलंगावर उशीखाली होता. विसरला असेल, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण उशीखाली कुणी फोन विसरत नाही.

त्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. आईनं सुतार बोलावून काढून घेतली होती, न्हाणीघराचीही काढली होती. विळी, सुऱ्या, फिनेलची बाटली, सगळं तिच्या कपाटात कुलपात. भाजी चिरायची तर आईकडं जाऊन विळी मागायची, असे दिवस होते ते. त्या पावसाळ्याच्या तोंडाला सन्मतीनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आमच्यात ह्याला 'मध्यंतरी बरं नव्हतं' म्हणतात. मी सरळ सांगते. कारण विचाराल तर सूतगिरणी बंद पडली, फिटरची नोकरी गेली, मग बायको माहेरी गेली ती गेलीच. पण गिरणी काय एकट्या त्याची बंद पडली नव्हती. एकच कारण असतं तर मी त्याला झाडूनं हाणून बाहेर काढलं असतं. तसं ते नव्हतं. दवाखान्यातून घरी आणला आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. मी निपाणीहून येऊन राहिले. नवरा म्हणाला, रहा हवं तेवढं, इकडचं मी बघतो. भला माणूस.

आणि मग एके दिवशी हा भिंतीकडं बघतच म्हणाला, "आक्का, काच आणायची आहे."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. त्यानं काहीतरी मागितलं होतं!

"कशाला रे काच?"

"टाकी करतो. माशांची."

आता आमचं घर असं की मुंगी मेली तरी आई दिवसभर हळहळणार. जैनाच्या सोप्यात मासे कोंडायचे म्हणजे गल्लीभर चर्चा. आई म्हणाली, "बाळा, फुलझाडं लाव की. गच्ची मोकळी आहे."

"मासेच."

आई म्हणाली, "जिवंत अळ्या, किडे खाऊ घालायचे नाहीत. चालेल?"

"डबीतलं कोरडं खाणं घालीन."

"मग आण." ते कोरडं खाणं कशाचं करतात हे तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. असं असतं.

सगळी टाकी त्यानं हातानं केली. काचा कापून आणल्या, चिकटवल्या, पाणी भरून फुटते का बघितली. मी शेजारी स्टूल टाकून बसायचे, एक डोळा टाकीवर आणि एक डोळा त्याच्यावर. एक दिवस बघते तर हा चांगल्या टाकीच्या तळाला ड्रिलनं भोकं पाडतोय.

"अरे मेल्या, भोकंच पाडायची होती तर एवढ्या काचा कशाला चिकटवल्यास?"

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. तो हललेला कोपरा मला अजून आठवतो. म्हणाला, "आक्का, पाणी एका जागी राहिलं की नासतं. फिरायला पाहिजे. हे बघ, ह्या कोपऱ्यात काचेचा चौकोनी कप्पा. टाकी काठोकाठ आली की वरचं पाणी ह्या कप्प्यात पडणार. कप्प्यातनं पायपानं खालच्या टाकीत. तिथं गाळलं जाणार, ऊब लागणार, आणि पंप ते परत वर टाकणार."

"बरं. मग एक पाईप पुरे की. तीन कशाला?"

"पहिल्यातनं सगळं पाणी जाणार, पोटभर भरून, बिनआवाजाचं. दुसऱ्यातनं थोडंसं, पहिल्याला झेपलं नाही तेवढं. तिसरा कोरडा."

"कोरडा? मग लावतोस कशाला बाबा?"

"पहिले दोन तुंबले तर पाणी चढत चढत तिसऱ्याच्या तोंडाशी येणार आणि त्यातनं खाली पडणार. ते पडताना मोठ्यानं खळखळ होते. सगळ्या घराला ऐकू जाते. तिसरा ओला झाला म्हणजे समजायचं, आत काहीतरी बिघडलंय. पळत यायचं."

मी बोलून गेले, "माणसालासुद्धा असला एक पाईप पाहिजे होता." आणि जीभ चावली. सन्मती पायपाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळत राहिला.

मासे आणले ते ताटलीसारखे गोल आणि चपटे, डिस्कस म्हणतात त्यांना. त्यातल्या एका जोडीला पिल्लं झाली. एवढीएवढीशी, जिऱ्याच्या दाण्यासारखी. ती कुठं जात नव्हती, आईबापाच्या अंगालाच चिकटून असायची. सन्मती आईला म्हणाला, "ती अंगावरचा चिकटा खातात. आईच्याही आणि बापाच्याही. आई दमली की अंग झटकून पिल्लं बापाकडं देते."

"अगं बाई," आई म्हणाली, "मासे असून अंगावर पाजतात!" त्या दिवसापासून तिचं स्टूल माझ्या स्टुलाशेजारी आलं. सन्मती दोन्ही वेळा जेवायला लागला. त्याच्या तोंडी माशांशिवाय दुसरा विषय नव्हता, पण तोंड उघडत होतं. आमच्या घरात त्या टाकीच्या आधारावर काय उभं होतं ते कळलं ना आता?

तर मी तिथं त्याचा फोन हातात घेऊन उभी. सांगलीहून येताना वाटेत कृष्णेवरचा पूल लागतो. तो पूल मी मनातून हाकलत होते आणि तो परत परत येत होता. 'तिसऱ्या पायपाकडं लक्ष ठेव.' हे काय बोलणं होतं? निरोप होता का? मी शेजारच्या पोरांना पाठवावं, पोलिसांत जावं, का नवऱ्याला बोलवावं? आणि जाऊन काय सांगायचं, भाऊ फोन विसरलाय? आणि तो खरंच सरळ घरी आला आणि दारातच हे बघितलं तर? मी टाकीकडं वळले. काहीतरी करणं माझ्या हातात होतं ते तेवढंच.

खळखळ झालीच नव्हती. गच्चीवर असले तरी मला ती ऐकू आली असती. मग तिसऱ्या पायपाला काय झालं होतं?

बाही सरसावून कोपऱ्यातल्या कप्प्यात हात घातला. बोटांना कापड लागलं. मऊ, बुळबुळीत. पायपाच्या तोंडावर ताणून बांधलेलं. चाचपलं तर दुसऱ्या पायपावरही तसंच, आणि तिसऱ्यावरही. गाठ सोडवायला गेले आणि बोटांनीच ओळखलं. दोन फेरे, वर आडवी मुरड. स्वयंपाकघरातल्या नळाला गाळणं बांधायची माझ्या आईची गाठ. लहानपणी तीच गाठ मला जमेना म्हणून मी तिच्या टपल्या खाल्ल्यात.

आमच्यात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. पाण्यात जीव असतो, तो आपल्या पोटात जाऊन मरू नये म्हणून. आणि गाळून झालं की गाळण्यावर जे राहिलं ते फेकायचं नाही. गाळणं उलटं करून, वर स्वच्छ पाणी ओतून, जिथलं पाणी तिथंच परत सोडायचं. मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. मी गच्चीवर. बस्तीत निघालेली आई जाता जाता टाकीपाशी थांबलीय. एक पिल्लू वाट चुकून कप्प्यात पडलंय. आता खाली पायपात जाणार, पंपात सापडणार. माझी आई ते बघून पुढं जाईल? जुन्या हिरव्या पातळाची मऊ फडकी दुहेरी केली, तीन तोंडांवर बांधली, आणि समाधानानं बस्तीत जाऊन बसली. आणि फडक्यांवर चिकटा बसत गेला, पाण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या, आणि पंप बिचारा आपला वर टाकतोच आहे.

पहिलं फडकं सोडलं तसं कप्प्यातलं पाणी घळकन खाली गेलं. फडक्यावर तीन-चार पिल्लं वळवळत होती. काय करावं कळेना, पण हाताला कळत होतं. मी फडकं टाकीवर उलटं धरलं, तांब्यानं वरून हलकं पाणी सोडलं, आणि पिल्लं परत आईबापाकडं गेली. बाकीची दोन्ही फडकी तशीच केली. काही पिल्लं वळवळत नव्हती.

मग बोर्ड पुसला, कोरड्या भिंतीला उंच टांगला, मेन स्विच परत वर केला. पंप गप्प. हात लावला तर तापलेला, जळका वास मारत होता. पाणी गरम ठेवायची काचेची नळी कोरडी पडून तडकलेली. आणि वरच्या टाकीतले मोठे मासे एकेक करून वर यायला लागले. पाण्याला तोंड लावून आ-आ करत होते.

तेवढ्यात आई आली. चपला पाण्यात काढल्या आणि खाली बघितलं, मग टाकीकडं, मग माझ्या हातातल्या हिरव्या चिंध्यांकडं.

"पद्मा," ती म्हणाली. "मी मारले का गं?"

"नाही. आहेत अजून."

"पिल्लू एक जात होतं आत..."

"कळलं मला. आता रडायचं नाही. रडलीस तर मीही रडीन आणि मग बघायला कोण आहे इथं? वारा गेलाय त्यांचा, ऊबही गेलीय. पाणी हलवायला पाहिजे."

आईनं पदर खोचला. "तांब्या दे."

मी चुलीवर पाणी तापवून स्टीलचे डबे भरले, घट्ट झाकणं लावली आणि टाकीत तरंगत सोडले. खालच्या टाकीत सन्मतीच्या पिंपातलं साठवलेलं पाणी ओतलं. आई स्टुलावर चढली आणि टाकीतलंच पाणी तांब्यात भरून घेऊन उंचावरून परत धार धरायला लागली. भरायचा, उचलायचा, सोडायचा. धार पडली की फेस व्हायचा आणि मासे त्या फेसाखाली गोळा व्हायचे. बस्तीत अभिषेक करतात तशी ती करत होती, तोंडानं णमोकार मंत्र चालू. मध्येच म्हणायची, "फोन लाव त्याला."

"लागत नाही. गाडीवर असेल."

पुन्हा तांब्या, पुन्हा धार. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन टाकीच्या काचेवर आलं, मग काचेवरून भिंतीवर चढलं. तिचे हात भरून आले की मी चढायची आणि ती खाली उभी राहून डबे बदलायची. दोघींच्याही डोळ्यांपुढं एकच होतं आणि दोघीही ते बोलत नव्हतो. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. त्याचं ताट आईनं दुपारीच बाजूला काढून झाकलं होतं. ती मध्येच त्या ताटाकडं बघायची.

"पद्मा."

"काय?"

"त्याचा फोन तुझ्या कमरेला आहे. मगाशी पदर सरकला तेव्हा बघितला मी."

माझ्या हातातली धार हलली.

"ओत," आई म्हणाली. "थांबू नकोस. त्याचे जीव आहेत ते. हे जगले तर तो..." मी ओतत राहिले. खरं सांगते, देवाला मी आयुष्यात बरंच काही मागितलंय, पण त्या संध्याकाळी मी माशांकडं मागत होते. मेल्यांनो, जगा रे. जगा. हात जोडते.

ऊन भिंतीवरून छताला लागलं, तांबूस झालं. आणि गल्लीच्या तोंडाला मोटरसायकल वाजली. मोटरसायकली शंभर वाजतात, पण आपल्या माणसाची आपल्याला कळते. आईनं स्टुलाचा पाय घट्ट धरला. मी घाईघाईनं चिंध्या कमरेला खोचल्या आणि तिला म्हटलं, "तू काही बोलू नकोस. पाईप तुंबला म्हणून सांगते."

सन्मती दारात आला आणि थांबला. सोप्यात पाणी, स्टुलावर मी, हातात तांब्या, टाकीत तरंगणारे डबे. त्यानं बूट काढले, पँट दुमडली, टाकीपाशी आला. मासे बघितले. तळाशी पडलेली पिल्लं बघितली.

"पाईप तुंबला रे," मी म्हटलं. "अचानकच. काय की कसा. पंप जळाला."

त्यानं कप्प्यात हात घातला, तिसऱ्या पायपाच्या तोंडाभोवती बोटं फिरवली आणि काहीतरी ओढून काढलं. दोरा होता. माझ्याकडून राहिला होता. त्याच्या टोकाला हिरवं सूत.

"आई?"

"मीच बांधलं," आई म्हणाली. मी तिच्याकडं डोळे वटारले पण ती कुठली ऐकतेय. "पद्मा खोटं बोलती. तिन्ही पायपांना मीच फडकी बांधली. पिल्लू खाली जात होतं बाळा, मला बघवलं नाही. मीच मारली ती."

सन्मती दोऱ्याकडं बघत राहिला. मग त्यानं खिशात हात घालून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातावर उपडी केली. प्लास्टिकच्या जाळीच्या टोप्या होत्या, पायपाच्या तोंडावर बसतील एवढ्या.

"पिल्लं आत जाताना मीही बघितली होती," तो म्हणाला. "ह्याच आणायला गेलो होतो."

आई त्या टोप्यांकडं बघत होती. "तिसऱ्यालापण बांधलंस?" त्यानं विचारलं.

"तोच तर सताड उघडा होता. त्यात पाणीसुद्धा नव्हतं. म्हटलं, पिल्लू त्यातनं पडलं तर नुसतंच आपटंल."

आणि सन्मती हसला. खरंच हसला, खाली पाण्यात बसून. हसता हसता त्याचा आवाज फिरला आणि तो रडायला लागला. दवाखान्यातून आल्यापासून एकदाही रडला नव्हता. आईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"आई," तो तिच्या पातळात तोंड खुपसून म्हणाला, "पाण्याला जायला वाट नको का गं कुठं? तू सगळंच बांधून टाकलंयस. कड्या काढल्यास. रात्री चार-चार वेळा येऊन श्वास बघतेस. मी काही बोलायला लागलो की 'असं बोलू नये' म्हणतेस. मी कुठनं खळखळ करू?"

आईचा हात त्याच्या केसांत थांबला होता.

"पुलावर थांबलो होतो मी," तो म्हणाला.

मी तोंडावर हात दाबला. आई मात्र 'असं बोलू नये' म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग?"

"जाताना काही ठरवलं नव्हतं. फोन मुद्दाम ठेवला, एवढं खरं. येताना गाडी आपोआप थांबली. बराच वेळ खाली बघत होतो. मग रुमालाला खिशात हात घातला तर ही पुडी. म्हटलं, ह्या बसवायला पाहिजेत, नाहीतर रात्रीत सगळी पिल्लं खाली जातील. गाडीला किक मारली."

"बरं केलंस," आई म्हणाली. बाजारातून चांगली वांगी आणल्यावर म्हणते त्याच आवाजात.

मग ती उठली, तिच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि फडक्यात बांधलेल्या दोन्ही कड्या आणून त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "तुझ्या तू लाव. मी रात्री येणार नाही बघायला. पण बाळा, मला सांगायचं. कसलंही असलं तरी सांगायचं. मी ऐकून घेईन. मला नाही सांगवलं तर आक्काला सांगायचं."

"काय सांगू? तोंडात शब्दच येत नाहीत तेव्हा."

आईनं टाकीकडं बघितलं. "तिसरा ओला झाला म्हण. तेवढं येईल?"

त्यानं मान डोलवली.

"ऊठ. दिवस आहे अजून बोटभर. ताट झाकलंय, आधी चार घास खा. तोवर आम्ही ओततो."

तो ओल्या पँटीनं पाटावर बसून जेवला, आणि जेवून उठल्यावर माझ्या हातातला तांब्या घेतला.

मोठे मासे सगळे जगले. पिल्लं निम्मी गेली. मेलेली आईनं ओंजळीत घेऊन परसात पेरूखाली पुरली आणि दुसऱ्या दिवशी उपास केला. नवा पंप आला. जाळीच्या टोप्या बसल्या त्या फक्त पहिल्या दोन पायपांना. मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या त्यानं त्यानंतर नेमानं घेतल्या, नुसत्या माशांनी माणूस बरा होतो असं कुणी समजू नये. मी निपाणीला परतले. मग अधूनमधून फोन यायचा, "आक्का, कोरडा आहे," एवढंच, आणि ठेवून द्यायचा. दोनदा मात्र वेगळा आला. एकदा मी कणीक मळता मळता उठले होते, हाताला पीठ तसंच घेऊन एसटीत चढले. आई गेली तेव्हा तो फोन येईल म्हणून मी धास्तावले होते. नाही आला. त्यानं दुसरं लग्न केलं, पंप-पायपांचं दुकान टाकलं, टाकी अजून सोप्यात आहे.

गेल्या वर्षी माझे यजमान गेले. भला माणूस. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि जो तो म्हणायचा, पद्माक्का खंबीर आहे. मुलगा म्हणायचा, आई, तू खूप सावरलंयस. मीही मान डोलवायची. कुणाच्या मनाला लागू नये म्हणून एकेक गोष्ट गाळून बोलायची, आणि दुपारी घर रिकामं झालं की नुसती भिंतीकडं बघत बसायची. एका दुपारी कसा कोण जाणे फोन हातात आला. तिकडून दुकानातला कालवा ऐकू येत होता. मी म्हटलं, "सन्मती, तिसरा..." आणि पुढचं काही तोंडातून निघेना.

"आलो," तो म्हणाला.

दिवस मावळायच्या आत तो निपाणीत माझ्या दारात होता. बूट काढता काढता म्हणाला, "ताटं घे आक्का, दोन. तू सकाळपासून जेवली नसशील."